नाकापेक्षा कापूस जड

परवापासून आमच्या गल्लीतून कापसाच्या गाड्या जायला लागल्या आणि आज सकाळी पणतवाला पहिली शिंक आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे घरात कुणाला पटत नाही. मला तो दिसतो. दर मार्गशीर्षात मी तो मोठ्यानं बोलून दाखवते आणि दर मार्गशीर्षात घरातली कर्ती माणसं मान हलवून आपापल्या कामाला लागतात. लागा म्हणावं. माझं तोंड अजून शाबूत आहे. शिवाय उतारवयात नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकले, ती काही नुसती पोथीवर बोट फिरवायला नव्हे.

शिंक एवढीशी होती. पण नातसुनेनं चटकन माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. पोर अजून मान धरत नाही. त्याच्या नाकपुडीशी पाण्याचा एक थेंब चमकत होता. मी पदराच्या टोकानं तो टिपला, तेव्हा पदरावर एक बारीकशी पांढरी तूस दिसली. ती कुठून आली हे मला कुणी सांगायला नको. इथं अमरावतीत आता सरकी काढणाऱ्या जिनाचे भोंगे वाजतात, धूर निघतो, आणि बडनेऱ्याहून आगगाडी गठाणी घेऊन मुंबईकडे जाते. पण कापसाची तूस जुनीच आहे. ती उंबऱ्याशी थांबून आत येऊ का असं विचारत नाही.

नव्या कापसाला एक वास असतो. उन्हाचा, थोडा तेलकट, सरकीचा. लोकांना तो पैशाचा वास वाटतो. मला त्या वासानं बंद नाक आठवतं.

माझ्या पहिल्या बाळंतपणाचा तो हंगाम आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली होती म्हणे. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमचा जायला लागला. अकोल्याचा बाजार तापला. तिकडे दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले आणि इकडे हिवरखेडच्या अंगाला, माझ्या सासरच्या गावात, बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांनी जन्मभर पागोटं धुऊन धुऊन वापरलं, ते वावरात जरीकाठी उपरणं घेऊन जाऊ लागले. पऱ्हाटीच्या काट्याकुट्यात अडकून जरीचा काठ फाटला तरी बाप्ये हसत. फाटू द्या म्हणत, बोंडं फुटून राह्यली! माणसाला एकदम सुख आलं की ते अंगावर कसं घ्यायचं हेच कळत नाही. मला तर त्यांची तेव्हाही कीव यायची.

आमचं धाब्याचं घर. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं सपाट छत, खिडकी म्हणायला भिंतीत एक भोक. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात अंधारं. मामंजी म्हणजे माझे सासरे, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी त्या साली ठरवलं की कापूस विकायचा नाही. भाव रोज चढत होता. काल विकला तो मूर्ख, आज विकला तो अर्धवट आणि उद्यापर्यंत थांबेल तो शहाणा, असा सगळ्या गावाचाच हिशेब होता. म्हणून कापूस घरात यायला लागला. आधी ओसरी भरली. मग माजघर भरलं. मग देवांना त्यांच्या कोनाड्यातून उचलून चुलीमागच्या फळीवर नेऊन बसवलं आणि तिथं कापूस आला. शेवटी तो माझ्या खोलीत आला. त्या खोलीत तेव्हा मी होते आणि माझा पहिलटकरणीचा म्हादू होता.

कापूस घरात आला की विस्तव घराबाहेर जातो. ठिणगी उडाली तर सगळंच जाईल, म्हणून चूल अंगणात आली, दिवा बंद झाला, बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी उचलून नेली. मामंजींचा हुक्कासुद्धा पिंपळाखाली गेला, आणि ही एक गोष्ट तेवढी मला बरी वाटली. ऐन थंडीत मी आणि माझं पोर एका अंधाऱ्या गार खोलीत छतापर्यंत चढलेल्या कापसाच्या गंजीशेजारी निजत होतो.

आणि लोक आम्हाला भाग्यवान म्हणत होते! बारशाच्या दिवशी आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, म्हादूला पाळण्यात घालायच्या आधी त्या गंजीवर ठेवलं. खाली काही न घालता, नुसत्या कापसावर. गावातल्या बाया बघायला आल्या. "कापसाच्या राशीवर जलमलं व बाई पोरगं," असं एक म्हणाली. दुसरीनं कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. त्या साली आमच्या भागात ही चालच पडली होती. ज्याच्या घरी पोर झालं त्यानं ते कापसावर ठेवायचं आणि चार लोकांना दाखवायचं. पुढं रोज दुपारी आत्याबाई त्याला तिथंच निजवू लागल्या. तो हात हलवी तशी तूस उडायची, आणि भिंतीतल्या भोकातून येणाऱ्या उन्हात ती कितीतरी वेळ तरंगत राहायची. दिसायला ते फार सुरेख होतं, हे मी नाकारत नाही.

मग पडसं आलं. लहान मुलाच्या पडशाला कोणी पडसं मानत नाही. "सर्दीच तर हाय," हे वाक्य मी जन्मभर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात कापसाची वात घालून त्याला भाकर खायला बसवावं असं मला वाटतं. मोठं माणूस नाक बंद झालं तर तोंडानं श्वास घेतं. तान्ह्या पोराला ते सुचत नाही. त्याचं तोंड दूध पिण्यासाठी असतं आणि नाक श्वासासाठी, आणि पिताना दोन्ही एकदम लागतात. म्हादू छातीला तोंड लावायचा, दोन घोट ओढायचा, लाल व्हायचा आणि सोडून द्यायचा. मग रडायचा. रडला की नाक अजून भरायचं. भुकेनं परत तोंड लावायचा, परत सोडायचा. माझी छाती दुधानं दगडासारखी ताठली होती आणि माझ्या मांडीवर माझं पोर उपाशी होतं. अंगण माणसांनी भरलेलं, गोठा दुभत्यानं भरलेला, घर कापसानं भरलेलं, आणि त्या घरातला सगळ्यात धाकटा जीव उपाशी. मला राग आला. भीती नंतर आली, आधी रागच आला.

मला जे येत होतं ते मी सगळं केलं. त्याच्या नाकाला तोंड लावून शेंबूड ओढून थुंकले. याची किळस वाटणाऱ्यांनी पोरं वाढवू नयेत. माझ्याच दुधाचा थेंब नाकपुडीत सोडला, म्हणजे आतली खपली ओली होऊन सुटते. अंगणातल्या तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून आधी माझ्या गालाला लावून पाहायची आणि मग त्याच्या छातीला. त्याला आडवं ठेवायचंच नाही, उभं धरायचं, माझ्या खांद्यावर. थोडं थोडं पाजायचं, श्वास घ्यायला थांबायचं, परत पाजायचं. आत्याबाईंनी घुटीच्या सहाणेवर अफूचा कण उगाळायला काढला. निजंल तरी निवांत, म्हणाल्या. त्या काळी घरोघर देत. वेचणीला जाणाऱ्या बाया तर पोराला कण चाटवून बांधावर ठेवत आणि ओळीला लागत. मी सहाण उचलून अंगणातल्या पाण्याच्या डोणीत बुडवली.

"नाक बंद हाय त्याचं," मी म्हणाले. "रडून रडून तोंड उघडते तवा तर हवा जाते आत. गुंगला तं कोन उघडंल त्याचं तोंड?"

आत्याबाईंनी डोणीतून सहाण काढून पदरानं पुसली. सुनेनं सहाण बुडवलेली त्यांनी याआधी पाहिली नव्हती.

अंघोळीची एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विस्तव अंगणात, म्हणून म्हादूची अंघोळही अंगणात, तुळशीच्या आडोशाला. पाणी अंगावर पडलं की तो ओरडायचा, नाक वाहायचं, मग मोकळं व्हायचं आणि तिथंच त्याला पदराखाली घेतलं की तो चांगलं पिऊन घ्यायचा. खोलीत नेला की थोड्याच वेळात परत घर्रघर्र. मी म्हटलं, पाण्याचा गुण असेल. मग एके दिवशी अंघोळ न घालता नुसतंच त्याला गोठ्यात नेऊन बसले. दावणीला गाई होत्या, कडब्याचा वास होता, त्यांच्या श्वासानं हवा ऊबदार आणि ओलसर झालेली. म्हादूचं नाक सुटलं. त्यानं पोटभर घेतलं नाही, पण मघापेक्षा बरंच घेतलं. खोलीत परत नेला आणि परत तेच. दुसऱ्या दिवशी तसंच करून पाहिलं, परत तेच झालं. तेव्हा मी मान वर करून त्या गंजीकडे पाहिलं. माझ्या भुवयांवर तूस होती. त्याच्या पापण्यांवर तूस होती. उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यावर पांढरी साय धरली होती.

मी बाहेर येऊन आत्याबाईंना म्हणाले, "माह्या खोलीतला कापूस बाह्यर काढा."

"कुठी काढू?" त्यांना आधी मी मस्करी करते आहे असं वाटलं. मग माझा चेहरा पाहून त्या चिडल्या. "लक्ष्मी हाय ते घरातली. लक्ष्मीले बाह्यर काढतात काय व?"

"लक्ष्मीले सर्दी होत नाही, आत्याबाई. पोराले झाली हाय."

हे वाक्य पुढं गावभर झालं. कोणी ते माझ्या उद्धटपणाचा दाखला म्हणून सांगायचं, कोणी हसून सांगायचं. मी ते विनोद म्हणून बोलले नव्हते. मला खरोखरच तेवढंच म्हणायचं होतं.

आमच्याकडे तेव्हा सासरा सुनेशी बोलत नसे. सून समोर आली की तो खाकरायचा, ती डोईवरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची, आणि काही सांगायचं झालं तर तो ते खांबाला सांगायचा. मामंजी ओसरीच्या खांबाला म्हणाले, "सूनबाईले सांगा, चार रोजात भाव अजून चढनार हाय. चार रोज कळ काढा म्हना." खांबानं मला सांगितलं. मी खांबाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला गाठलं. माझे धनी मनानं वाईट नव्हते. वडिलांसमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची, एवढंच.

"तुमी बोला ना," मी म्हणाले.

"बाबा आयकत नाही व कोनाचं. अन् सर्दीच तं हाय."

तेवढं बोलून ते बैलांना पाणी दाखवायला गेले. मी बाज उचलली. एकटीनं. ती ओढत अंगणातून गोठ्यात नेली, तेव्हा तिच्या पायांनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर रेघा ओढल्या गेल्या. म्हादूला कुंची घातली, जुन्या लुगड्याचे दोन तुकडे घेतले, ओवा घेतला, आणि जाऊन दावणीशेजारी बसले. कापूस घरात राहिला आणि मी गाईंच्यात गेले. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटायचीच तर ती घराला वाटावी.

गोठ्यातले ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, असं मी म्हटलं की नातवंडांना खोटं वाटतं. शेणाचा वास होता, डास होते, एक तांबडी गाय रोज माझा पदर चघळायची. पण हवा स्वच्छ होती. कोंडा उडू नये म्हणून मी कडब्यावर पाणी शिंपडायची. म्हादू माझ्या छातीवर उभा निजायचा, त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली. त्याच्या नाकातला आवाज मला पाठ झाला होता. घर्रघर्र जाड असली की भीती, शीळ वाजली की बरं, आणि काहीच आवाज आला नाही की मी श्वास धरून ऐकत राहायची. गाई रवंथ करायच्या. त्या एका संथ लयीत माझी भीतीही जरा बसायची.

गाव बघायला आलं. आधी पोर कापसावर ठेवलं म्हणून आलं होतं, आता ते गोठ्यात ठेवलं म्हणून आलं. अकोल्याहून माल बघायला एक दलाल आला होता. त्यानं घरातला कापूस मुठीत दाबून पाहिला, तोंडभर वाखाणला, आणि परत जाताना गोठ्यात एक सून तान्हं पोर घेऊन बसलेली पाहून तो थबकला. "घरात सोवेर-सुतक हाय काय पाटील?" त्यानं मामंजींना विचारलं. मामंजी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी आत्याबाई भाकर घेऊन आल्या, ती बाजेवर आदळली आणि म्हणाल्या, "नाक कापलं व तू आमचं."

"कापलं तरी तुमाले श्वास घेता येते," मी म्हणाले. "याचं बंद हाय."

त्या पदर झटकून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर ओव्याची गरम पुरचुंडी आली. ताटाच्या कडेला, कुणी विसरून ठेवल्यासारखी.

आभाळ आलं ते अगदी अवेळी. थंडीच्या दिवसांत असं कधी कधी येतं, आणि आलं की कापूसवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. दुपार कलली तसा पश्चिमेकडून काळा लोट उठला. त्या दिवशी अंगणात वेचणीचा नवा माल येऊन पडला होता. ही मोठी रास. घरात आता मूठभर कापसाला जागा नव्हती, झाकायला घोंगड्या पुरत नव्हत्या. सगळ्या गावात एकच आरडाओरडा चालला होता. आमच्या अंगणात मामंजी, माझे धनी, गडी, वेचणाऱ्या बाया सगळे टोपली भरत होते, आणि भरलेली टोपली न्यायची कुठं हे कुणाला कळत नव्हतं. मग सगळ्यांच्या माना एकदमच गोठ्याकडे वळल्या.

गड्यांनी गाई सोडल्या, अंगणात हाकलल्या. त्या बिचाऱ्या थंड वाऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या. माझी बाज तेवढी मध्ये राहिली. आत्याबाई आधी आल्या. "ऊठ, घरात चाल. पानी येऊन राह्यलं. गोठ्यात कापूस टाकाचा हाय."

"घरात कुठी बसू?"

"तुह्या खोलीत."

"तिथं कापूस हाय."

"मंग इथंई येऊन राह्यला ना!" त्या जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या.

तेव्हा मला सगळं अगदी साफ दिसलं. त्या घरात कोरडी जागा जेवढी होती तेवढीच होती. एक काहीतरी उघड्यावर राहणार होतं. कापूस, नाहीतर म्हादू. आणि त्या दिवशी, त्या अख्ख्या अंगणात, हे असं मोजून पाहणारी मी एकटीच होते, कारण बाकीच्यांना वाटत होतं की पोर काय, कुठंही मावेल.

मी उठले नाही. म्हादूला पदराखाली घेतलं. त्यानं तोंड लावलं.

गोठ्याच्या दारात अंधार झाला. मामंजी उभे होते, डोक्यावर कापसाचं टोपलं, पागोटं सुटलेलं. ते खाकरले नाहीत. त्यांनी खांब शोधला नाही. त्या घरात मी आले तेव्हापासून पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

"ऊठ," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

सासऱ्याशी मी बोललेला पहिला शब्द 'नाही' हा आहे. लोकांच्या सुनांचे पहिले शब्द 'जी' असतात, 'होय' असतात. माझा हा आहे, आणि तो मी कुठल्याही दागिन्यापेक्षा जपून ठेवला आहे. माझा आवाज कापला नाही.

मामंजी तसेच उभे. त्यांच्या मागं माझे धनी, त्यांच्या डोक्यावर दुसरं टोपलं. विजेचा एक बारीक लखलखाट झाला. तेवढ्यात एक आवाज ऐकू यायला लागला. म्हादू पीत होता. घुटूक, घुटूक, मग नाकातून एक लांब श्वास, मग परत घुटूक. न सोडता. न रडता. इतक्या दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. पोटभर पिणाऱ्या पोराचा तो आवाज ज्या बाईनं एकदा ऐकला आहे तिला तो ओळखायला दुसरं काही लागत नाही.

आत्याबाईंनी तो ओळखला. त्यांच्याही काखेत टोपलं होतं. ते त्यांनी उंबऱ्यात ठेवलं. मला वाटलं आता आत ढकलतील. त्या त्या कापसाच्या टोपल्यावरच बसल्या, दारात, माझ्याकडे पाठ करून, आपल्या नवऱ्याकडे आणि माझ्या धन्यांकडे तोंड करून. लुगड्याचा काष्टा सावरून घेतला.

"आता इथून कोनी आत येनार नाही," त्या म्हणाल्या. "पोरगं पिऊन राह्यलं."

"भिजंल ना सगळा!" मामंजी ओरडले.

"भिजू द्या."

मग पाणी आलं. मोठमोठ्या थेंबांचं, तिरकं. अंगणातली रास बघता बघता बसली, तिचा पांढरेपणा गेला. माझे धनी टोपलं तसंच डोक्यावर घेऊन पावसात उभे होते. ते टोपलं खाली ठेवायचं असतं हे त्यांना बऱ्याच वेळानं सुचलं. गाई आपण होऊन परत आत आल्या. आत्याबाईंनी त्यांना तेवढी वाट दिली. म्हादू पिता पिता निजला, तोंड उघडं न टाकता.

या सगळ्यानंतर माझी वाहवा झाली असं समजू नका. 'कापूस भिजवणारी' हे नाव मला लागलं ते लागलंच. पुढं तिकडची लढाई मिटली, भाव कोसळले, घरात भरून ठेवलेला कोरडा कापूस गावानं नाक मुठीत धरून विकला. आमच्याही घरातला तसाच गेला, चार रोज थांबणाऱ्यांचे चार रोज कधीच संपले होते. पण चुकलं कोणाचं म्हणून विचारा, तर भिजलेल्या राशीचंच नाव निघायचं. लग्नाकार्यात पंगतीत बसले की कोणीतरी म्हणणारच, हिनं पोराच्या सर्दीपायी कापूस भिजवला. मी वाढून घेतलेलं ताट सारखं करून म्हणायची, हो, मीच भिजवला. अजून एक रास असती तर तीही भिजवली असती. मग लोक आपापल्या पानात बघायचे, आणि मी निवांत जेवायची.

भिजून पिवळा पडलेला तो कापूस उकिरड्यावर जाणार होता. शेजारच्या पिंजाऱ्याची रहिमतबी आली, तिनं ओली मूठ पिळून पाहिली, नाकाशी धरली. "फेकना मत बेटी. सूख जाने दे, दुलई भर देती." मग गोठ्यात डोकावून म्हादूला पाहिलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "हमारे घर में पहले बच्चे की झोळी बाहर जाती, फिर पिंजने की धनुकी चढती. तुमने तो बच्चे कोच कपास पे सुलाया!" ती हसत होती. आत्याबाई हसल्या नाहीत. पण त्यानंतर आमच्या गावात कापसावर पोर ठेवून दाखवायची चाल हळूहळू गेली. कशामुळं गेली ते कुणी बोललं नाही. दुलई मात्र झाली. जाड कापडात गच्च शिवलेली, एक तूस बाहेर येणार नाही अशी. पुढं घरात झालेलं प्रत्येक पोर तिच्यात निजलं. तिचं कापड कितीदा तरी बदललं, आतला कापूस तोच आहे.

आत्याबाईंनी त्या दिवसाविषयी माझ्याशी एकदाच शब्द काढला, फार वर्षांनी, डोळे गेल्यावर. म्हादूच्या आधी, माझ्या धन्यांच्याही आधी, त्यांना एक मुलगी झाली होती म्हणे. तिलाही सर्दीच झाली होती. "मले तवा कोनी म्हनलं नाही का तू 'नाही' म्हनू शकते," त्या म्हणाल्या. मी त्यांचे पाय चेपत होते. मी त्यांचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

तर आज सकाळी शिंक आली. दुपारपर्यंत पणतवाचं नाक भरलं. नातसून खाली मान घालून ओव्याची पुरचुंडी बांधत बसली. आम्ही दोघी मागच्या खोलीत, ती जुनी दुलई पसरून. या खोलीला दोन खिडक्या आहेत. घर बांधताना मी हट्टानं पाडून घेतल्या होत्या. ऊन कोवळं होतं, मग ते एकाएकी गेलं. मी बाहेर पाहिलं. अवेळचं आभाळ आलं होतं.

थोड्याच वेळात दारात गाडी लागली आणि आमचे कर्ते पुरुष आत आले. हा माझा मुलगा. बाजारात त्याला महादेवराव म्हणतात, अडत चालते, मिशा पिळलेल्या असतात, हमाल त्याला चळचळा कापतात. त्याच्या मागं चार हमाल, पाठीवर कापसाची बोचकी, त्यातून तूस गळत होती.

"आई, मांगची खोली पाह्यजे. दोन रोजच. गोदामात जागा नाही अन् वरतून आभाळ आलं."

"इथं पोरगं हाय," मी म्हणाले.

"त्याले पुढं घेऊन जाय ना. सर्दीच तं हाय त्याले."

नातसुनेचा हात पुरचुंडीवर थांबला. तिनं सासऱ्यासमोर पदर पुढं ओढून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मांडीवरचं पोर उचलून माझ्या छातीशी उभं धरलं. त्याची घर्रघर्र मला गळ्यापाशी जाणवत होती.

"म्हादू," मी म्हणाले, "नाक चालू हाय ना तुह्यं?"

एवढा मोठा बाप्या, हमालांसमोर. त्याचा हात नकळत नाकाशी गेला. त्यानं दुलईकडे पाहिलं. त्या दुलईची गोष्ट त्यानं लहानपणापासून लोकांच्या तोंडून टोमण्यात ऐकली आहे.

"हाव," तो म्हणाला.

"मंग याचंही चालू राहू दे."

बाहेर पहिले थेंब पडायला लागले होते. मग तो वळला आणि जिथं त्याच्या पांढऱ्याशुभ्र गाद्या आणि लोड मांडलेले असतात, जिथं बड्या व्यापाऱ्यांशिवाय कुणाला बसू देत नाहीत, तिकडे हात करून हमालांना म्हणाला, "बैठकीत टाका."